आधी भादवा

लीलाबाईंकडे मी खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी माझी जात विचारली नाही, नवरा सोबत का नाही हे विचारलं नाही, अनामतही मागितली नाही. त्या अंगणात सूप घेऊन तांदूळ निवडत बसल्या होत्या. मान वर न करताच म्हणाल्या, "सिस्टरबाई, पगार कवा होते ते नोका सांगू. कवा सरते ते सांगा."

वडशाच्या सरकारी दवाखान्यात मी नर्स म्हणून रुजू झाले त्याला तेव्हा आठवडाही झाला नव्हता. नवरा, सुनील, नागपूरला एका खाजगी नोकरीत. तिथल्या फ्लॅटचा हप्ता दर महिन्याला जायचा. असा प्रश्न मला तोवर कोणी विचारलेला नव्हता. खोटं बोलायचं मनात आलं, पण तोंडातून खरं निघून गेलं. अठरा-एकोणीस तारखेला सरतो, म्हणाले.

लीलाबाईंनी मान हलवली. मग भाडं दर महिन्याच्या तीन तारखेला द्यायचं असं ठरलं. वीस तारखेनंतर मागायची वेळ आली तर तुम्हालाही लाज आणि मलाही, एवढंच त्यांनी सांगितलं आणि किल्ली काढून दिली.

त्या नाटकात काम करतात हे मला पुढे दिवाळीच्या आसपास कळलं. वडसा एरवी तांदळाचं गाव आहे. स्टेशनच्या बाजूला राइस मिल्स, हवेत उकड्या तांदळाचा वास. पण दिवाळी जवळ आली की मोठ्या रस्त्यावर नाटक कंपन्यांच्या कचेऱ्या उघडतात, भिंतीभिंतीवर रंगीत पोस्टर लागतात आणि भाऊबीजेपासून होळीपर्यंत आसपासच्या खेड्यापाड्यांत रात्र-रात्र नाटकं चालतात. एका पोस्टरवर मला घरमालकीण दिसली. भरजरी साडी, कपाळावर आडवी चंद्रकोर, आणि खाली नाव, 'कुमारी लीला'. त्यांची लेक रेखा नागभीडला दिलेली होती आणि तिला पाच वर्षांचा मुलगा होता. मी त्यांना कुमारीबद्दल विचारलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, नाव जसं चालून राह्यलं तसं चालू द्यावं, असं मालक म्हणते.

नटनट्यांना तिथे महिन्याचा पगार नसतो. जितके प्रयोग तितके पैसे, आणि एका प्रयोगाला तिथे नाइट म्हणतात. हंगामात सत्तर-ऐंशी नाइटी झाल्या तर झाल्या. होळीनंतर पडदा बंद, तो पुढच्या दिवाळीला उघडायचा. मधले सात-आठ महिने एक रुपया येत नाही. माझा पगार दर महिन्याला येत होता तरी मला पुरत नव्हता, आणि ही बाई चार महिन्यांच्या कमाईवर बारा महिने जगत होती. कुणाकडे उसनं मागायला गेलेली तिला गावात कुणी पाहिलं नव्हतं.

ते कसं जमायचं हे मी सकाळच्या वेळी पाहिलं. माझी रात्रपाळी संपायची आणि त्याच सुमाराला कंपनीची गाडी त्यांना कोपऱ्यावर सोडून जायची. फाटकापाशी आमची गाठ पडायची. दोघींचेही डोळे तारवटलेले. त्यांच्या कानामागे रंग राहिलेला असायचा. घरात आल्या की हातपाय धुऊन गॅसवर चहा ठेवायच्या आणि चहा उकळेपर्यंत खाटेखालची लोखंडी पेटी ओढायच्या. पेटीत बारा पिशव्या होत्या, मराठी बारा महिन्यांच्या. सगळ्या नाटकाच्या जुन्या कपड्यांतून शिवलेल्या. चैत्राची कुठल्याशा राजकन्येच्या हिरव्या मखमलीची, श्रावणाची इन्स्पेक्टरच्या खाकी पँटीची, भादव्याची विधवेच्या पांढऱ्या लुगड्याची. कशावरही नाव लिहिलेलं नव्हतं, कापडावरून महिना ओळखायचा. प्रत्येक पिशवीत तीन पुरचुंड्या असत. एक पोटाची, एक दव्याची, औषधपाण्यासाठी, आणि एक लोकांची. लोकांची म्हणजे लग्न, बारसं, मयत, आलेला पाहुणा. पैसे साचले की त्या बँकेत टाकून यायच्या आणि पुरचुंडीत नोटांच्या जागी तेवढ्या रकमेची चिठ्ठी ठेवायच्या.

रात्रीचे पैसे सकाळी वाटल्याशिवाय त्या आडव्या होत नसत. थकून डोळे मिटत असले तरी नाही. सकाळी एकदा पैसे उशाशी ठेवून झोपलं की दुपारी उठल्यावर ते आपल्याला जास्त वाटू लागतात, असं त्यांचं म्हणणं होतं.

पहिल्या हंगामात मला एक गोष्ट कळेना. दिवाळी नुकतीच झालेली, समोर कार्तिक-मार्गशीर्ष, आणि या भादव्याची पांढरी पिशवी आधी उघडायच्या. एका सकाळी चहा पिता पिता मी विचारलंच.

"चैतात मोहफूल आहे," त्या म्हणाल्या. "वैशाखात तेंदूपत्ता. आषाढात रोवना. हातपाय धड आहेत तवरोक हे महिने मले उपाशी नाई ठेवत. भादव्यात काय आहे? रोवना झाला, कापनी यायची आहे, शेतवाल्याच्याच घरची कोठी खाली. त्याच्याकडं काम मागाले गेलं तर तो आपल्या तोंडाकडं पाह्यते. म्हनून आधी भादवा. मंग आश्विन, मंग श्रावन. असं उलटं येत राहाचं."

मग कप खाली ठेवून म्हणाल्या, "आमाले हे उशिरा समजलं."

काय उशिरा समजलं, ते त्यांनी मला पुष्कळ पुढे एकदाच सांगितलं, भांडी घासता घासता, अगदी सपाट आवाजात. त्यांचे यजमान कंपनीत ऑर्गन वाजवायचे. सगळे त्यांना मास्तर म्हणत. ऑर्गन त्यांचा स्वतःचा होता, वडिलांनी घेऊन दिलेला. दोघंही कमावते, दोघंही तरुण, आणि हंगामाचा पैसा होळीपर्यंत हसत-खेळत संपायचा. पुढचे महिने इकडून-तिकडून निघायचे. एका भादव्यात रेखाला मलेरिया झाला, डोक्यात गेला. घरात पैसा नाही आणि गावात उसना द्यायला कुणाकडे नाही, सगळ्यांचाच भादवा. मास्तरांनी ऑर्गन विकला, दुसऱ्या एका कंपनीला. लेक वाचली. पुढच्या हंगामात मास्तर त्याच कंपनीत वाजवायला लागले, तोच ऑर्गन, आणि दर नाइटीमागे त्यांच्या पैशातून ऑर्गनचं भाडं कापलं जायचं. मास्तर मरेपर्यंत आपल्याच ऑर्गनचं भाडं भरत राहिले. पहिली पिशवी लीलाबाईंनी त्या वर्षी शिवली.

रंगमंचावर मात्र त्यांना नेहमी श्रीमंत, उधळी, खाष्ट बाईचं काम मिळायचं. एका नाटकात त्यांना गरीब जावयाच्या तोंडावर नोटांचं बंडल फेकायचं होतं. नोटा अर्थात खोट्या, रंगीत कागदाच्या. दिग्दर्शकाने सांगून सांगून पाहिलं, पण लीलाबाईंच्या हातून त्या उधळल्या जाईनात. जोरात हात उगारायच्या आणि शेवटच्या क्षणी बंडल अलगद सुटायचं, जावयाच्या पायाशी ठेवल्यासारखं. शेवटी बंडलाला दोरा गुंडाळून दिला, म्हणजे ते एकगठ्ठा फेकता येईल. प्रवेश संपला की त्या स्वतः नोटा गोळा करून, मोजून, कपडेपटाच्या माणसाच्या हवाली करायच्या. कंपनीतली पोरं चिडवायची. लीलाबाई म्हणायच्या, खोट्या असल्या म्हणून काय झालं, उद्याच्या गावाले लागतीनच ना.

गावात त्यांना चिकट म्हणत. बाजाराच्या दिवशी त्या जेवून निघायच्या आणि ठरवलेले पैसे तेवढे कनवटीला. भाजीवालीशी घासाघीस कधी केली नाही. भाव पाडायला लागलं की ती वस्तू आपलीच वाटायला लागते आणि नको असताना घरी येते, असं त्यांचं निरीक्षण होतं. भाव पटला तर घ्यायच्या, नाहीतर पुढे चालायला लागायच्या. लग्नाचं आमंत्रण आलं तर लोकांच्या पुरचुंडीत असेल तेवढाच आहेर. पुरचुंडी रिकामी असेल तर लग्नघरी जाऊन दिवसभर पोळ्या लाटायच्या, आहेर नाही.

पण अमावास्या कुणी पाहिली नव्हती. महिना संपला की पिशवीत जे उरलेलं असेल ते त्या दिवशी खर्चून टाकायचं, असा त्यांचा नियम होता. पुढच्या महिन्यात ढकलायचं नाही. "ढकललं का पुढचा महिना लाडावते," असं म्हणायच्या. कधी वीस रुपये उरत, कधी दोनशे. वीस रुपयांची जिलबी यायची आणि माझं दार वाजायचं. दोनशे उरले तेव्हा त्यांनी स्वतःसाठी मोगऱ्याच्या वासाचा साबण, एक आरसा आणि माझ्यासाठी काचेच्या बांगड्या आणल्या होत्या. त्या दिवशी त्या बसल्या जागी गुणगुणायच्या.

माझा महिना त्यांनीच लावून दिला. तुमचा भादवा वीस तारखेनंतर येते, म्हणाल्या. पगार हातात आला की आधी शेवटच्या दहा दिवसांचे पैसे वेगळ्या पाकिटात घालून तोंड चिकटवायचं, मग तिसऱ्या आठवड्याचं पाकीट, मग दुसऱ्या. पहिला आठवडा शेवटी, उरेल त्यात. पगार झालेल्या आठवड्यात माणूस तसाही मोठ्या मनाचा असतो, त्याला थोडं कमीच पडलेलं बरं. सुनील शनिवारी आला की माझ्या पाकिटांना हसायचा. दोन महिने माझंही गणित चुकलं, एकदा चिकटवलेलं पाकीट बारा तारखेलाच फोडलं. तिसऱ्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी पाकिटात सहाशे चाळीस रुपये उरले. आम्ही दोघं त्या पैशांकडे बघत बसलो. लीलाबाईंना विचारलं तर म्हणाल्या, पाहून काय राह्यले, जा. आम्ही वैनगंगेच्या पुलापर्यंत गेलो, गरम भजी खाल्ली आणि लग्नाला चार वर्षं झाल्यावर पहिल्यांदा पैशांवरून न भांडता परत आलो.

आता गणपतभाऊंबद्दल सांगायला हवं.

गणपतभाऊ त्यांच्याच कंपनीत प्रॉम्प्टर होते. पडद्याआड वही घेऊन बसायचं आणि नट अडला की पुढचा शब्द हळूच द्यायचा, हे त्यांचं काम. एकटा जीव, ना बायको ना पोर. लीलाबाईंपेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठे. मास्तरांचे जुने दोस्त. हातात पैसा आला की चार जणांना चहा-नाश्ता घातल्याशिवाय चैन पडायचं नाही. लीलाबाईंनी त्यांनाही एकदा पिशव्या शिवून दिल्या होत्या. त्यांनी त्यात सुपारी आणि तंबाखू ठेवली.

त्या वर्षी अधिक महिना आला होता, ज्येष्ठ दोनदा. लीलाबाईंच्या पेटीत अशा वर्षासाठी तेरावी पिशवीही असायची. अधिक महिन्यात लेक-जावयाला बोलावून वाण द्यायचं असतं, त्यामुळे तेरावी जरा जडच. जावई नागभीडला पंख्या-मोटारींच्या दुरुस्तीचं दुकान चालवायचा. चांगला, मुखदुर्बळ माणूस. त्याला कपडे, रेखाला साडी, नातवाला चांदीचं कडं, सगळं ठरलेलं होतं.

गणपतभाऊ दुपारी आले. मी माझ्या खोलीत पडले होते, मधली भिंत पातळ. डोळ्यांसमोर धूर-धूर दिसतो, दिव्याभोवती गोल दिसतात, एका डॉक्टरने नागपूरला दाखवायला सांगितलं आहे, असं ते सांगत होते. जायला-यायला आणि औषधाला पैसे हवे होते. दिवाळीला पहिल्या नाइटीतून फेडतो म्हणाले. लीलाबाईंनी त्यांना चहा दिला. मग शांतपणे सांगितलं, या महिन्याच्या दव्यात माझ्याच बीपीच्या गोळ्या बसतात, भाऊ, आणि दुसरी पिशवी लेकीची आहे. मागच्या दिवाळीचे पैसे कुठी गेले, हेही विचारलं. गणपतभाऊ हसले. तेही खरं आहे, म्हणाले, आणि निघून गेले.

मी नर्स. दिव्याभोवती गोल दिसतात याचा अर्थ मला कळायला हवा होता. पण मी नुकतीच पाकिटांच्या शिस्तीत रुळले होते आणि मला वाटलं, बरोबर केलं बाईंनी. लोक अशानेच सोकावतात. हे मी त्यांना बोलूनही दाखवलं.

दसऱ्यानंतर कंपनीच्या तालमी सुरू झाल्या. एका सुट्टीच्या दिवशी दुपारी मी बघायला गेले होते. कचेरीमागच्या शेडमध्ये तालीम चालली होती. दुसऱ्या अंकात लीलाबाईंचं मोठं भाषण होतं आणि त्या एका जागी अडल्या. पडद्याच्या जागी उभ्या केलेल्या चटईमागून शब्द आला तो भलत्याच प्रवेशाचा. सगळे हसले. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच. चटईमागे गणपतभाऊंनी वही नाकाला लावली होती आणि ओळ सापडावी म्हणून बोट कागदावरून फिरवत होते. पोरं अजून हसत होती. लीलाबाई हसल्या नाहीत. त्यांनी पुढचं भाषण जसं सुचेल तसं म्हणून टाकलं आणि पदर कमरेला खोचून चटईमागे गेल्या.

दुसऱ्या दिवशी मीच गणपतभाऊंना नागपूरला घेऊन गेले. काचबिंदू होता. उजवा डोळा गेलेला, डावा अर्धा उरलेला. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येत नाही, उरलेलं टिकवायचं तर रोज थेंब, जन्मभर. सहा महिने आधी आले असते तर गोष्ट वेगळी होती.

परत आल्यावर मी हे लीलाबाईंना सांगितलं. त्यांनी खाटेखालची पेटी बाहेर ओढली.

"हिशोब बरोबर होता, सिस्टरबाई," त्या म्हणाल्या. "मीच चुकली."

मीही त्याच हिशोबाला बरोबर म्हटलं होतं.

त्या महिन्यापासून प्रत्येक पिशवीत चौथी पुरचुंडी आली. थेंबांची. पैसे त्यांनी गणपतभाऊंच्या हातात कधी दिले नाहीत. स्वतः बाटली आणायच्या आणि दर महिन्याला पोचवायच्या. कंपनीने गणपतभाऊंना काढलंच होतं. ते ब्रह्मपुरीकडच्या एका खेड्यात पुतण्याकडे जाऊन राहिले होते. अमावास्येची जिलबी त्यानंतर फार वेळा झाली नाही, कारण उरायचंच नाही. पण मी एकदाही त्यांना कुरकुरताना ऐकलं नाही.

असे जवळजवळ दोन हंगाम गेले आणि मग कोरोना आला. होळी उरकली होती, त्या वर्षी होळीनंतरच्याही थोड्या नाइटी ठरल्या होत्या, त्या बुडाल्या. चैत्र-वैशाखाच्या पिशव्या त्यामुळे जवळजवळ रिकाम्या, पण भादव्यापासून भरत आल्यामुळे पुढचं शाबूत. लीलाबाई तोंडाला पदर बांधून मोहफूल वेचायला गेल्या, मग तेंदूपत्त्याला. आषाढात पोस्टरवरची कुमारी लीला गुडघाभर चिखलात रोवणी करत होती आणि बांधावरची पोरं मोबाइलमध्ये तिचे फोटो काढत होती. मी तेव्हा दवाखान्यातच अडकलेली. घरी यायचे तेव्हा माझ्या पायरीवर झाकलेलं ताट असायचं आणि दोन हात लांबून विचारलेला प्रश्न, आज किती बरे होऊन घरी गेले. वाईट बातमी त्यांनी एकदाही विचारली नाही.

त्या वर्षी आश्विन दोनदा होता. गाड्या बंद, म्हणून गणपतभाऊंचे थेंब पाच-सहा महिने पोचले नव्हते. एसटी सुरू झाली तशा लीलाबाई ब्रह्मपुरीकडे गेल्या आणि संध्याकाळी गणपतभाऊंना हाताला धरून घेऊन आल्या. डाव्या डोळ्यालाही आता नुसता उजेड-अंधार कळत होता. पुतण्याच्या घरी वाईट वागणूक नव्हती, पण त्याचंही काम सुटलेलं, खाणारी तोंडं सहा. लीलाबाईंनी ओसरीवर खाट टाकली. तेरावी पिशवी उघडली, घरातला तो शेवटचा पैसा होता. आणि मग रेखाला फोन लावला.

मी तिथेच होते. यंदा वाण नाही, असं त्यांनी सांगितलं. का नाही, तेही सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडे न करता. पलीकडून रेखाचा आवाज मला ऐकू येत होता. सासरच्या माणसांत मी काय तोंड दाखवू, परक्या माणसासाठी लेकीला विसरली, असं ती बोलत होती.

"गेल्या धोंड्यात तुले साडी घेतली, तवा त्याचा डोळा गेला," लीलाबाई शेवटी म्हणाल्या. "तुयी चूक नाई. पन मले आता दुसऱ्यांदा नाई होत, बाई."

रेखाने फोन ठेवून दिला. पुढे दिवाळीपर्यंत ती बोलली नाही.

दिवाळी झाली आणि लीलाबाईंच्या कंपनीचा पडदा उघडलाच नाही. मालक दर आठवड्याला परवानगी येईल म्हणायचा, ती येत नव्हती. पेटीतल्या बाराही पिशव्या मोकळ्या आणि घरात दोन माणसं. मी पैसे देऊ केले. त्यांनी हात जोडले. फुकटचं नको म्हणाल्या, आणि उसनं घेतलं तर फेडायचा महिना कोणता सांगू. धान कापणीला गेल्या, मळणीला गेल्या. नागभीडहून जावई एक दिवस मोटरसायकलवर नव्या तांदळाचं पोतं बांधून आला, ओसरीवर ठेवलं, गणपतभाऊंच्या पाया पडला, पाणी प्यायला आणि फारसं न बोलता परत गेला. रेखाने पाठवलं का, असं लीलाबाईंनी विचारलं. तो नुसता हसला.

माघात एका सकाळी त्या माझ्या दारात उभ्या राहिल्या. नेहमीसारख्या आत आल्या नाहीत. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला.

"तीन महिन्याचं भाडं आगाऊ द्याल का?"

साडेतीन वर्षांत त्यांनी भाडं एक दिवस आधी घेतलं नव्हतं. मी लगेच काढून दिलं आणि दुसरीकडे बघत काहीतरी बोलत राहिले, दवाखान्याचं, लसींचं. त्यांनी नोटा मोजल्या, पदरात बांधल्या आणि गेल्या. त्यानंतर तीन महिने, दर तीन तारखेला, त्या न चुकता माझ्या दारात येऊन सांगायच्या, "या महिन्याचं भाडं पोचलं." मी हो म्हणायचे. चौथ्या महिन्यात मी पैसे हातात ठेवले तेव्हा त्या खुर्चीवर बसल्या आणि चहा मागितला.

पुढच्या दिवाळीला नाटकं सुरू झाली. माझी बदलीही तेव्हाच आली, गडचिरोलीला. लीलाबाईंना आता खाष्ट श्रीमंतिणीचं काम नव्हतं. नव्या नाटकात म्हाताऱ्या आईचं, पहिल्या आणि शेवटच्या अंकात तेवढं. नाइटीचे पैसे कमी झाले होते. पोस्टरवरून कुमारी गेली होती, नुसतं लीला उरलं होतं. त्याचं त्यांना काही वाटल्याचं दिसलं नाही. नव्या नाटकाची वही घरी आली होती आणि रोज दुपारी त्या ती ओसरीवर मोठ्याने वाचायच्या, स्वतःचीच नाही, सगळ्यांची वाक्यं. गणपतभाऊ भिंतीला टेकून ऐकत बसायचे. दोनदा ऐकलं की त्यांच्या डोक्यात बसायचं. चाळीस वर्षं दुसऱ्यांचे शब्द सांभाळलेला माणूस.

सामान टेम्पोत चढवून झालं. सुनील दोऱ्या आवळत होता. मी निरोप घ्यायला ओसरीकडे वळले आणि पायरीखालीच थांबले, कारण लीलाबाई उभ्या राहून आईचं शेवटचं भाषण म्हणत होत्या. वही मिटलेली, खिडकीच्या चौकटीत ठेवलेली. समोर कुणी नव्हतं, नुसतं अंगण आणि वाळत घातलेलं धान. आवाज तसा हळूच होता, पण प्रत्येक शब्द माझ्यापर्यंत येत होता. हे भाषण मी चार दिवस भिंतीपलीकडून ऐकत होते. त्यात त्या कुठेही अडत नव्हत्या, माझंच अर्धं पाठ झालं होतं.

मधेच एका वाक्यात त्या थांबल्या. माझ्या ओठांवर पुढचा शब्द आला होता. त्यांनी वहीकडे पाहिलं नाही, आठवायला डोळे मिटले नाहीत. मान किंचित वळवून त्या नुसत्या उभ्या राहिल्या, चेहऱ्यावर तेच भाषण तसंच धरून.

खाटेवरून गणपतभाऊंनी तो शब्द दिला, हलक्या, कोरड्या, सरावाच्या आवाजात.

लीलाबाईंनी तो घेतला आणि पुढे बोलू लागल्या.